वाचकांचे प्रश्न: स्टेटस ठेवलं म्हणून केस होते का?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जातीचे आहेत. बोलावं की गप्प बसावं, लिहिलं तर काय होईल, पोलीस आले तर काय करायचं. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून कुणाचंच छापत नाहीये, फक्त गाव ठेवलंय. प्रश्न थोडे कापलेत, उत्तरं मात्र लांबली तर लांबू दिलीत.

प्रश्न (इचलकरंजी): ताई, मी कॉलेजात शिकवतो. सरकारच्या एका निर्णयावर टीका करणारं स्टेटस ठेवलं होतं, शिवी नाही काही नाही, फक्त 'हा निर्णय चुकीचा आहे' इतकंच. एकाने स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला आणि आता लोक म्हणतायत केस होईल. डिलीट करू का?

सर, तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांनी व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवलं की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, कलम ३७० काढल्याने आम्ही खूश नाही, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलिसांनी भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ लावलं, म्हणजे दोन गटांत तेढ निर्माण करणं. मुंबई हायकोर्टाने एफआयआर रद्द करायला नकार दिला, मग ते सुप्रीम कोर्टात गेले आणि ७ मार्च २०२४ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी एफआयआर रद्द केला. कोर्ट काय म्हणालं ते नीट वाचण्यासारखं आहे, सरकारच्या कुठल्याही निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, त्या दिवसाला काळा दिवस म्हणणं हा निषेध आहे, गुन्हा नाही, आणि पोलिसांनाच आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवायची वेळ आलीय.

म्हणजे जिंकले. पण दीड वर्षाहून जास्त काळ त्या माणसाच्या डोक्यावर केस होती, वकिलाची फी, कोल्हापूर-मुंबई-दिल्ली, कॉलेजातली कुजबुज, घरच्यांची झोप उडालेली, हे कुठल्या निकालाने परत मिळतं? मला वाटतं खरा मुद्दा इथे आहे. अशा केसेस शिक्षा व्हावी म्हणून दाखल होतच नाहीत बऱ्याचदा, केस हीच शिक्षा असते, आणि ती एका माणसाला होते पण शंभर माणसं ती बघून आपापली स्टेटस काढून टाकतात. तुम्ही मला हा प्रश्न विचारताय याचाच अर्थ ती केस झालेली नसतानाही काम करतेय.

आता कायद्याचं. जुन्या १५३-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेत आता कलम १९६ आहे आणि त्याला साधारण तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट उचलून न्यायचं नसतं, आधी नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं असतं (पूर्वी ४१-अ ची नोटीस म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५). शिवाय तीन ते सात वर्षांमधल्या शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआरच्या आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची सोय कलम १७३ मध्ये आहे आणि सुप्रीम कोर्टाने २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढींच्या केसमध्ये (खासदार आहेत, एका कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा दाखल झाला होता) सांगितलंय की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ही चौकशी साधारणपणे करायलाच हवी. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार आवडते, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट, समंजस माणसाच्या मापाने, कायम असुरक्षित वाटणाऱ्या आणि कुठल्याही टीकेत धोका दिसणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. हे माप आलंय आपल्या नागपूरच्या जुन्या हायकोर्टातून बरं का, स्वातंत्र्याच्या तोंडावर न्या. व्हिवियन बोस यांनी दिलेल्या निकालातून.

डिलीट करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी धाडस करा म्हणून सांगणार नाही, नोकरी तुमची आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोटीस आल्यावर किंवा गुन्हा दाखल झाल्यावर काही डिलीट करू नका, पुरावा नष्ट केला असं म्हणायला जागा होते. आणि जे लिहिलं होतं त्याचा पूर्ण स्क्रीनशॉट तारखेसकट स्वतःकडे ठेवा, कारण लोक फॉरवर्ड करताना अर्धंच वाक्य कापून टाकतात.

प्रश्न (गोंदिया): मी सोसायटीच्या ग्रुपचा अॅडमिन आहे. कुणी काहीही टाकलं तर जबाबदारी माझी असं पोलिसांनी मीटिंगमध्ये सांगितलं. खरं आहे का?

सरसकट खरं नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिलाय की सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत होतं हे दाखवता आलं तरच. त्या निकालाची प्रिंट काढून ठेवा आणि पुढच्या मीटिंगला घेऊन जा. पोलीसदादांनाही बहुतेक माहीत नसेल.

प्रश्न (पुणे): तुम्ही लोक फक्त एकाच पक्षाच्या सरकारला झोडपता. आधीच्या सरकारांच्या काळात काय रामराज्य होतं का?

नव्हतं. आणि हे विचारलंत ते बरं झालं.

२०१२ च्या सप्टेंबरात मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, तेव्हा राज्यात आणि केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं की हा बंद कशासाठी आणि तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. लाइक! दोघींना अटक झाली आणि नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. त्यातूनच पुढे आयटी कायद्यातल्या ६६-अ कलमाविरुद्धची (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरावरून पकडायचं ते कलम) याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही पोलीस ते लावतच राहिले, इतकं की २०२१ च्या जुलैत पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अर्जावर सुनावणी करताना खुद्द सुप्रीम कोर्टालाच धक्का बसला. २०२२ च्या मे महिन्यात महाविकास आघाडीच्या काळात अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांवरची एक पोस्ट शेअर केली म्हणून अटक झाली आणि जवळजवळ सव्वा महिना आत राहावं लागलं. मला ती पोस्ट अत्यंत वाईट वाटली होती. पण वाईट वाटणं आणि तुरुंगात टाकणं यात अंतर आहे आणि ते अंतर त्या वेळी ज्यांना दिसलं नाही, त्यांच्यातल्याच अनेकांना २०२५ च्या मार्चमध्ये विनोदी कलाकार कुणाल कामराच्या कार्यक्रमानंतर खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली तेव्हा ते एकदम दिसायला लागलं. उलटही झालं, २०२२ ला केतकीच्या बाजूने बोलणारे २०२५ ला गप्प होते. आपला माणूस अडकला की स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचा अडकला की 'चांगली अद्दल घडली', असं चाललं तर सत्तेवर कुणीही आला तरी त्याला काठी तयारच मिळते.

आता तुमच्या बोलण्यातल्या न बोललेल्या भागाबद्दल. सगळे सारखेच असं म्हणून विषय संपवता येणार नाही, कारण गेल्या दहा-अकरा वर्षांत एक फरक पडलाय आणि तो मला गंभीर वाटतो. पूर्वीची दडपशाही बऱ्याचदा गावगुंडीसारखी होती, एखाद्या नेत्याचे कार्यकर्ते चिडले आणि ठाणेदाराने त्यांचं ऐकलं. आता सरकार स्वतः कायद्यात आणि नियमातच तशी रचना करतंय. २०२३ मध्ये केंद्राने आयटी नियमांत बदल करून स्वतःचं फॅक्ट चेक युनिट आणलं, म्हणजे सरकारबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारच ठरवणार. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं, दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, मग तिसरे न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला आपलं मत दिलं आणि ती दुरुस्ती रद्द झाली. थोडक्यात वाचलो. २०२५ च्या जागतिक माध्यम स्वातंत्र्य निर्देशांकात १८० देशांत आपण १५१ वे होतो, ज्यांना असे निर्देशांक पटत नाहीत त्यांनी तो आकडा बाजूला ठेवावा, पण आपल्या तालुक्याच्या पत्रकाराला चहाला बसवून विचारावं की वाळूवर आणि टेंडरवर तो आता लिहितो का.

प्रश्न (यवतमाळ): मी शेतकरी चळवळीत आहे. मंत्र्यांचा दौरा असला की आदल्या रात्री पोलीस घरी येतात, नोटीस देतात, कधी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवतात. मागे चॅप्टर केस केली, आता तडीपारीची धमकी आहे. हे कायदेशीर आहे का?

दादा, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे इतकं रोजचं झालंय की पेपरात बातमी पण येत नाही. शहरातल्या लोकांना फेसबुक पोस्टची केस दिसते पण गावाकडे कांद्याच्या भावासाठी काळा झेंडा दाखवणाऱ्याला काय सोसावं लागतं ते दिसत नाही.

नोटीस देणं हे कायद्यात आहे. पूर्वी १४९ ची नोटीस म्हणायचे, आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ झालं. ती घ्या, सही करताना वेळ आणि तारीख स्वतःच्या हाताने टाका आणि खाली लिहा की मी शांततेने निषेध करणार आहे, माझा कायदा मोडायचा हेतू नाही. एक प्रत मागून घ्या. ठाण्यात बसवून ठेवणं म्हणजे पूर्वीचं १५१, आताचं १७०. यात तुम्ही दखलपात्र गुन्हा करणार आहात आणि तो दुसऱ्या कुठल्याच मार्गाने थांबवता येणार नाही असं पोलिसांना वाटायला पाहिजे, नुसतं 'साहेब येणारेत' हे कारण पुरत नाही, आणि ते सुद्धा २४ तासांपेक्षा जास्त नाही. 'फक्त चहा प्यायला या' असं तोंडी बोलावलं तर विचारा की लेखी आहे का. डायरीला नोंद केली का हे पण विचारा. घरच्यांना सांगून ठेवा की किती वाजता नेलं आणि किती वाजता सोडलं ते वहीत लिहायचं, आणि ठाण्याच्या दारात वेळ दिसेल असा एक फोटो काढायचा. पुढे कोर्टात जायचं झालं तर हीच वही कामाला येते.

चॅप्टर केस म्हणजे जुनं १०७, आता १२६. तिथे तुम्ही आरोपी नसता, तुमच्याकडून शांतता राखायचा बाँड मागतात. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन घाईत सही करून मोकळे होतात लोक, आणि मग तीच सही पुढच्या तडीपारीच्या प्रस्तावात 'यापूर्वीही प्रतिबंधक कारवाई केली आहे' म्हणून छापून येते. म्हणून वकील घेऊन जा आणि म्हणणं लेखी द्या.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. ती करायच्या आधी तुमच्यावरचे आरोप काय ते लेखी कळवावं लागतं आणि तुमचं ऐकावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाला स्वतःच्या घरात, कुटुंबाबरोबर राहण्यापासून तोडणारा, तो जपून वापरायचा आणि त्यामागे ठोस कारण दिसायला हवं. नोटीस आली की लगेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो.

प्रश्न (ठाणे): मी २२ वर्षांची आहे. आजोबा आणीबाणीत तुरुंगात होते, ते म्हणतात आत्ता त्यापेक्षा वाईट आहे. बाबा म्हणतात काहीतरीच, तेव्हा सेन्सॉर होता, आता तू मोबाईलवर वाट्टेल ते लिहितेस. कोण बरोबर?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण आजोबांकडे बसून आधी त्यांची गोष्ट रेकॉर्ड करून घे, खरंच सांगते, ती पिढी आता चाललीय.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली ती २१ मार्च १९७७ पर्यंत. शहा आयोगाच्या हिशेबाने मिसा आणि डीआयआर या खटल्याविना डांबायच्या आणि संरक्षणाच्या नावाखालच्या कायद्यांखाली मिळून १,१०,८०६ माणसं आत होती. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने जबलपूर केसमध्ये मान्य केलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, एकट्या न्या. खन्नांनी विरोध नोंदवला आणि पुढे ज्येष्ठ असूनही त्यांना सरन्यायाधीश केलं नाही. त्यामुळे आत्ता त्यापेक्षा वाईट आहे असं मी म्हणणार नाही, तितके लोक एका झटक्यात आत नाहीत. पण त्याच काळात महाराष्ट्रात काय झालं ते पण बघ. १९७५ मध्येच कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, यशवंतराव चव्हाणांसारखे केंद्रीय मंत्री समोर असताना, तुरुंगवासात प्रकृती खालावलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली, पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. आणि १९७६ च्या फेब्रुवारीत मुंबई हायकोर्टाने मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या केसमध्ये सेन्सॉरला बजावलं की सगळ्या पेपरांनी एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं वळवावीत आणि एका सुरात बोलावं हे बघणं तुमचं काम नाही. आणीबाणी चालू असताना दिलेला निकाल आहे हा!

फरक असा की आणीबाणी जाहीर केलेली होती, तिला सुरुवात होती, तिच्याविरुद्ध मत देता आलं. नंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती परत आणणं अवघड केलं, जगण्याचा हक्क आता आणीबाणीतही काढून घेता येत नाही. आज काहीच जाहीर करावं लागत नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३-ड मध्ये जामिनाची अट अशी आहे की आरोप वरवर खरे वाटले तरी जामीन नाही, त्यामुळे खटला न चालताच वर्षं जातात. भीमा कोरेगाव प्रकरणात ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला मुंबईत हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा ते कैदीच होते, पार्किन्सनमुळे हात थरथरत म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मागत होते आणि त्यासाठी सुद्धा कोर्टात अर्ज करावा लागला. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपाखाली पकडलेले दिल्लीचे प्रा. साईबाबा साधारण दहा वर्षांनी, ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाकडून निर्दोष सुटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. त्याच केसमधला गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी सहआरोपी २०२२ मध्येच कैदेत आजारी पडून गेला, निर्दोष ठरल्याचं त्याला कळलं सुद्धा नाही. त्याची बातमी किती जणांनी वाचली?

आणि आता राज्याचा विशेष जनसुरक्षा कायदा. २०२४ ला विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. समितीने काही बदल केले हे खरं, कडव्या डाव्या संघटनांपुरतं आहे असं शीर्षकातच घातलं. पण पुढे 'किंवा तत्सम संघटना' आहेच, आणि बेकायदा कृत्याच्या व्याख्येत कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हे पण बसतं. १९३० ला उरणच्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, लोकांनी मुद्दाम कायदा मोडला आणि गोळ्या खाल्ल्या. तिथे हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी मानवंदना देतात. त्या व्याख्येने त्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न बाबांना विचार.

प्रश्न (वाई): जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायच्या धोरणावर फेसबुकवर लिहिलं, तर केंद्रप्रमुखांनी फोन करून काढायला लावलं. आम्हाला बोलायचा हक्कच नाही का?

आहे, पण तुमचा हक्क इतरांपेक्षा आखूड केलेला आहे, हे लपवून उपयोग नाही. वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला मनाई आहे, आणि जुलै २०२५ मध्ये राज्याने सोशल मीडियाबद्दल वेगळा जीआर काढून तेच पुन्हा बजावलंय. दुसऱ्या बाजूला १९६२ मध्येच सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका केसमध्ये सांगितलंय की सरकारी नोकरीत आलो म्हणून मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. मधला रस्ता असा की स्वतःच्या नावाने फेसबुकवर लिहिण्यापेक्षा संघटनेच्या ठरावातून, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांकडून, ग्रामसभेच्या ठरावातून हे मांडा. ग्रामसभेत बोलायला पालकांना कुणी अडवू शकत नाही आणि तुमच्याकडची माहिती त्यांना मिळाली पाहिजे. कारवाईची नोटीस आली तर फोनवर उत्तर देऊ नका, लेखी मागा, लेखी द्या.

प्रश्न (नांदेड): आमच्या मित्राला पोस्टवरून पोलीस घेऊन गेले होते, दुसऱ्या दिवशी सोडलं. आम्ही सगळे घाबरून घरी बसलो, काय करायचं कळलंच नाही. परत असं झालं तर काय करायचं?

पहिल्या काही तासांचं महत्त्व फार असतं म्हणून तेवढंच सांगते. दोघे-तिघे ठाण्यात जा, घोषणा नकोत, वाद नको, फक्त कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या कलमाखाली आणले हे विचारा. अटक असेल तर कारणं लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत द्यावी लागतात, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका केसमध्ये हे सगळ्या गुन्ह्यांसाठी बंधनकारक केलंय. म्हणजे मराठी माणसाला इंग्रजी कागद दाखवून 'सही कर' चालणार नाही. घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं, हे त्याचे हक्क आहेत. मुलगी असेल तर सूर्यास्तानंतर अपवाद सोडून अटक करता येत नाही. मोबाईल घेतला तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा, जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं आता कायद्यानेच लागतं.

त्याची पोस्ट तुम्हाला पटली नसेल तरी जा. पोरगा एकटा नाही हे ठाण्यात दिसलं की वागणं बदलतं, हे मी वकिलीत वारंवार पाहिलंय. आणि जामीन मंजूर झाला तरी हमीदार नाही म्हणून कितीतरी पोरं आत राहतात. त्यामुळे मित्रांमध्ये कुणाच्या घरी सात-बारा किंवा घरपट्टीची पावती आहे, कुणाची पगाराची स्लिप आहे, कोर्टात उभं राहायला कोण तयार आहे, याची यादी आत्ताच करून ठेवा. आणि त्यातल्या सगळ्यांशी आधी बोलून ठेवा, घरातल्या मोठ्यांशी सुद्धा, कारण सात-बारा त्यांच्या नावावर असतो.